बिघाड कार्डात की मेमरीत?

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी दुपारी काय होते ते तुम्हांला सांगावयास नको. ठरलेली वेळ झाली की लाखो बोटे एकाच क्षणी बटणे दाबतात, पडद्यावर ते छोटेसे चक्र गरगर फिरू लागते आणि घरातील सारी मंडळी 'आला का? आला का?' करीत पाठीशी येऊन उभी राहतात. हे लाखो प्रश्न ज्या यंत्रांकडे धाव घेतात त्यांना सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे मागेल त्याला माहिती पुरविणारा संगणक. त्याला स्वतःचा पडदा बहुधा नसतो. थंड ठेवलेल्या खोलीत, लोखंडी मांडणीवर, पंख्यांच्या घरघरीत तो रात्रंदिवस राबत असतो.

आता अशी कल्पना करा, की एक सर्व्हर एरवी सुरळीत चालतो, पण गर्दी झाली की चुका करू लागतो. फाईल अर्धवट पोहोचते, कुठे एखाद्या नावात भलतेच अक्षर उमटते, तर कधी यंत्र मध्येच ठप्प होते आणि पुन्हा सुरू केले की काही घडलेच नाही अशा थाटात कामाला लागते. दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञापुढे दोन मुख्य संशयित असतात. एक नेटवर्क कार्ड, म्हणजे तारेतून येणारे संदेश घेणारा नि पाठविणारा भाग. दुसरा मेमरी, म्हणजे काम चालू असताना माहिती जेथे मांडून ठेवली जाते तो भाग. दोघांच्या चुका बाहेरून सारख्याच दिसतात. मग चोर ओळखावयाचा कसा?

त्यासाठी आधी संदेशाची वाट पाहू. संदेश तारेतून सलग येत नाही. त्याचे तुकडे केलेले असतात. अशा प्रत्येक तुकड्याला पॅकेट म्हणतात. कार्ड पॅकेट घेते, तपासते आणि प्रोसेसरला दर वेळी न विचारता थेट मेमरीत नेऊन ठेवते. त्यासाठी मेमरीत काही जागा गोलाकार रांगेसारख्या आधीच राखून ठेवलेल्या असतात. प्रोसेसर एका बाजूने पॅकेटे उचलतो, कार्ड दुसऱ्या बाजूने नवी ठेवीत जाते. गर्दी वाढली आणि उचलणारा मागे पडला की रांग भरते. मग नव्या पॅकेटाला जागा नसल्याने कार्ड ते सोडून देते. हा बिघाड नव्हे. ही नुसती दमछाक आहे. हरवलेले पॅकेट पाठविणाऱ्याकडून पुन्हा येते, फक्त वेळ जातो आणि तुमचे चक्र फिरत राहते.

हरवणे वेगळे नि बदलणे वेगळे, हा भेद नीट ध्यानात घ्या. हरवलेले पत्र मागविता येते. पण पोहोचलेल्या पत्रात ९२ चे २९ झाले असतील तर तक्रार करावी हे कोणाला सुचणार?

ताळा पाहण्याची युक्ती

तुमच्या आजोबांनी शाळेत गुणाकाराचा ताळा पाहिला असेल. संख्येतील अंकांची बेरीज करीत जावयाची आणि नवाने भागून उरणारी बाकी जुळते का ते पाहावयाचे. नेटवर्क कार्डही असाच ताळा पाहते. मात्र नवांचा ताळा त्याच्या कामाचा नाही. का ते पाहा. ५२८३ ही संख्या पाठविली आणि पोहोचताना ५८२३ झाली, तर अंकांची बेरीज दोन्हीकडे १८ च येते. अदलाबदल झाली हे कळणारच नाही. त्याऐवजी ११ ने भागून पाहा. ५२८३ ला बाकी ३, आणि ५८२३ ला बाकी ४. चोरी पकडली गेली!

कार्ड असेच करते, फक्त त्याचा भाजक फार मोठा असतो आणि भागाकाराची रीत ० आणि १ या दोनच अंकांना सोयीची अशी निराळी असते. पाठविणारे कार्ड पॅकेटाला भागून बाकी काढते आणि ती पॅकेटाच्या शेपटाला जोडते. ही बाकी ३२ बिटांची असते. बिट म्हणजे एक ० किंवा एक १. घेणारे कार्ड पुन्हा भागाकार करते. बाकी जुळली नाही तर पॅकेट फेकून देते. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी निरनिराळ्या बाक्या लिहिता येतात, म्हणून बिघडलेल्या पॅकेटाची बाकी योगायोगाने जुळण्याचा संभव साधारण ४२९ कोटींत एक एवढाच उरतो.

तुम्ही म्हणाल, मग झाले की! पण येथेच मेख आहे. हा ताळा कोठून कोठपर्यंत राखण करतो? या कार्डापासून त्या कार्डापर्यंत, म्हणजे फक्त तारेवर. अक्षर कार्डापर्यंत येण्यापूर्वीच मेमरीत बदलले असेल, तर कार्ड त्या चुकीच्या अक्षराचा बिनचूक ताळा काढील. पाकिटावरचा शिक्का अस्सल, आतला मजकूर खोटा!

हे नुसते तर्कट नाही. अमेरिकेतील एम. आय. टी. या प्रसिद्ध संस्थेत असा प्रकार खरोखरच घडला. साल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघा शास्त्रज्ञांनी १९८४ साली छापलेल्या एका निबंधात तो नोंदविला आहे. तेथे संगणकांची अनेक छोटी जाळी होती आणि त्यांना जोडणारे संगणक दारवानासारखे मधोमध बसविलेले होते. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत प्रत्येक पॅकेटाचा ताळा पाहिला जाई. त्यामुळे सारे निर्धास्त होते. पण एका दारवानाला खोड लागली. आलेला मजकूर आतल्या आत एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवून घेताना तो अधूनमधून शेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल करी. दहा लाख अक्षरांमागे साधारण एकदा! पुढच्या तारेवर मात्र तो त्या चुकीच्या मजकुराचा नवा कोरा ताळा लावून पाठवी. त्याच वाटेने एका मोठ्या प्रणालीच्या मूळ आज्ञावलीच्या फाईली वारंवार ये-जा करीत होत्या. जाता जाता त्यांतल्या कित्येक नासल्या. शेवटी ज्यांच्या त्या फाईली होत्या त्यांना जुने छापील कागद काढून ओळीशी ओळ ताडून पाहत बसावे लागले. माझ्या मते संगणकाच्या इतिहासातील ही सर्वांत बोलकी गोष्ट आहे, कारण तिच्यात कोणीही हलगर्जी केलेली नव्हती. राखण होती, पण भलत्या जागी होती.

गळके मडके

आता दुसऱ्या संशयिताकडे वळू. सर्व्हरच्या मेमरीत एकेक बिट साठविण्यासाठी एकेक अतिसूक्ष्म धारित्र असते. त्यात विद्युत्भार असला तर १, नसला तर ०, असे साधारण मानावयाचे. पण हे धारित्र म्हणजे गळके मडके आहे. भार हळूहळू झिरपून जातो. म्हणून यंत्र प्रत्येक धारित्र वाचून पुन्हा भरत राहते, तेही साधारणपणे एका सेकंदाच्या ६४ हजारांशाच्या आत. चिप तापली की गळती वाढते. गर्दीच्या दिवशी चिपा तापतातच.

गर्दीचा आणखी एक परिणाम असतो. तुमच्या वर्गात शेवटच्या रांगेत एक मोडके बाक आहे असे समजा. दहाच मुले आली तर ती पुढे बसतील आणि त्या बाकाची कोणाला आठवणही होणार नाही. सगळा वर्ग भरला की मग त्या बाकावर कोणी तरी बसणारच, आणि पडणारच. मेमरीतील नादुरुस्त घराचेही तसेच आहे. काम थोडे असताना ते घर वापरलेच जात नाही. म्हणूनच 'गर्दी झाली की बिघडते' या एकाच तक्रारीवरून जाणकार तंत्रज्ञ मेमरीकडे संशयाने पाहू लागतो.

सगळीच बाके मोडकी असतात असे मात्र नाही. कधी कधी धडधाकट घरातलाही बिट उलटतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेल कंपनीतील टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी याचे एक कारण शोधून काढले. चिप ज्या चिनी मातीसारख्या वेष्टनात बसवीत, त्या वेष्टनात युरेनियम आणि थोरियम यांचा अगदी लवलेश होता. त्यांतून निघणारा एखादा अल्फा कण सिलिकॉनमध्ये शिरला की तेथे विद्युत्भारांची रेलचेल होई आणि १ चा ० होऊन जाई. म्हणजे चोर घरातच होता! पुढे वेष्टनासाठी अधिक शुद्ध द्रव्ये वापरण्यात येऊ लागली. दुसरे कारण आकाशातून येते. विश्वकिरण वातावरणावर आदळले की न्यूट्रॉन कणांचा शिडकावा होतो, आणि त्यांतला एखादा चिपमध्ये नेमकी गडबड करतो. उंच डोंगरावर असा शिडकावा अधिक असतो.

मात्र दर चुकीचे खापर आकाशावर फोडण्याची घाई करू नका. गूगल कंपनीच्या हजारो सर्व्हरांवर सुमारे अडीच वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात साधारण दर तीन सर्व्हरांपैकी एकात मेमरीची निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. शिवाय चुका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. एकदा चुकलेली मेमरी पुन्हा पुन्हा चुकत होती. आकाशातून पडणारा कण घर पाहून पडत नाही. तेव्हा पुष्कळ दोष मोडक्या बाकांचाच होता, असा निष्कर्ष निघाला.

चूक दाखविणारे सात बिट

१९४७ साली बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे तरुण गणिती काम करीत. त्यांची गणिते शनिवार-रविवारी यंत्रावर लागत. यंत्राला चूक झाल्याचे कळे, पण कोठे झाली हे कळत नसे. मग ते बेधडक ते गणित सोडून पुढचे घेई. लागोपाठ दोन आठवडे सोमवारी हाती काहीच न आल्यावर हॅमिंग वैतागले. चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये? या वैतागातून निघालेली रीत त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केली. तुम्ही ती कागदावर करून पाहा. शिक्षकांना ती फळ्यावर दहा मिनिटांत दाखविता येईल.

सात चौकोन काढा नि त्यांना १ ते ७ क्रमांक द्या. माहितीचे चार बिट ३, ५, ६ आणि ७ या चौकोनांत लिहावयाचे. १, २ आणि ४ हे चौकोन पहारेकऱ्यांचे. पहारेकरी १ हा १, ३, ५, ७ या चौकोनांवर नजर ठेवतो. पहारेकरी २ हा २, ३, ६, ७ वर. पहारेकरी ४ हा ४, ५, ६, ७ वर. प्रत्येक पहारेकऱ्याच्या टापूतील एकांची संख्या सम यावी असा त्याच्या चौकोनात ० किंवा १ लिहावयाचा.

समजा माहिती १०११ आहे. तिसऱ्यात १, पाचव्यात ०, सहाव्यात १, सातव्यात १. हिशेब केलात तर पहारेकरी अनुक्रमे ०, १ आणि ० येतील आणि सातही चौकोन मिळून ०११००११ अशी ओळ होईल. आता मित्राला सांगा, की मी पाठ फिरवतो, तू कोणताही एक अंक उलटा कर. त्याने सहावा उलटविला असे समजा. ओळ झाली ०११०००१. पहारेकरी १ च्या टापूत दोन एक आहेत. सम, म्हणून तो गप्प. पहारेकरी २ च्या टापूत तीन, म्हणून त्याची तक्रार. पहारेकरी ४ च्या टापूत एकच, म्हणून त्याचीही तक्रार. तक्रार करणाऱ्यांचे क्रमांक मिळवा: २ अधिक ४ बरोबर ६. चूक सहाव्या चौकोनात! कोणताही चौकोन उलटवा, अगदी पहारेकऱ्याचा स्वतःचाही, उत्तर बरोबर येते.

मित्राने लबाडी करून दोन अंक उलटविले तर मात्र ही रीत फसते; ती भलताच चौकोन दाखविते. म्हणून सर्व्हरच्या मेमरीत आणखी एक पहारेकरी ठेवतात. ६४ बिटांच्या माहितीमागे ८ बिट पहाऱ्याचे असतात. एक बिट चुकला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान आरोळी तरी ठोकली जाते. पुष्कळ सर्व्हरांच्या मेमरीच्या पट्टीवर आठाऐवजी नऊ चिपा दिसतात, त्यांतली नववी या पहारेकऱ्यांसाठी असते. घरगुती संगणकात बहुधा एवढी व्यवस्था नसते.

तंत्रज्ञ काय करतो?

आता आपल्या तंत्रज्ञाकडे परत येऊ. तो आधी पेचकस हाती घेत नाही. तो नोंदी पाहतो. कार्ड स्वतःचा हिशेब ठेवते: किती पॅकेटे आली, कितींचा ताळा चुकला, किती जागा नसल्याने सोडून दिली. ताळा चुकल्याचा आकडा वाढत असेल तर दोष तारेत, खोचणीत किंवा कार्डात. सोडून दिलेल्यांचा आकडा वाढत असेल तर दमछाक. रांग मोठी करावी, काम वाटून द्यावे. आणि दोन्ही आकडे स्थिर असूनही माहिती नासत असेल, तर संशय ताऱ्याच्या अलीकडे, म्हणजे यंत्राच्या पोटात सरकतो. तेथे मेमरीच्या पहारेकऱ्यांची नोंद असते. त्यांनी किती चुका दुरुस्त केल्या आणि कोणत्या पट्टीवर, हे त्यात लिहिलेले असते.

एक बारकावा येथे आहे. प्रोसेसरचे काम हलके व्हावे म्हणून पॅकेटाच्या आतील आणखी एक बेरजेचा ताळा हल्ली बहुतेक कार्डे स्वतःच करतात. सोय चांगली, पण मेमरीतून कार्डात येता येता जे बिघडेल त्यावरही कार्ड खुशाल शिक्का मारते. म्हणून तंत्रज्ञ तपासापुरती ही सोय बंद करून हिशेब प्रोसेसरकडे सोपवितो. मग आधी न दिसलेल्या चुका दिसू लागल्या, तर वाट बरीच आखूड झाली.

पुढची पायरी मेमरीच्या परीक्षेची. सर्व घरांत आधी ०, मग १, मग ०१०१, मग १०१० असे नमुने भरून पुन्हा वाचावयाचे, आणि हे रात्रभर चालू ठेवावयाचे. एवढे करूनही निकाल लागला नाही तर अदलाबदल. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. पहिल्या खाचेतील पट्टी तिसऱ्या खाचेत घातली आणि चूकही तिसऱ्या खाचेत गेली, तर पट्टी दोषी. चूक पहिल्याच खाचेत राहिली, तर खाच दोषी. कार्ड आणि मेमरी दोन्ही एकदम बदलून यंत्र सुधारले, तर यंत्र सुधारेल, पण कोण दोषी हे कधीच कळणार नाही. हे करताना तो मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतो, कारण अंगावरच्या स्थिर विजेची एक ठिणगी चांगल्या पट्टीचीही वाट लावू शकते.

तीन आकड्यांची फुगडी

एका यंत्रातील मेमरीचे दोन-तीन बिट सबंध जाळे बंद पाडू शकतात काय? २७ ऑक्टोबर १९८० रोजी तसे झाले. आजच्या इंटरनेटचे पूर्वज म्हणजे आर्पानेट हे अमेरिकेतील जाळे. त्यात गावोगावच्या संगणकांना जोडणारे छोटे संगणक असत, त्यांना इम्प म्हणत. प्रत्येक इम्प आपल्या शेजारच्या तारांची खबर साऱ्या जाळ्यात पसरवी, आणि कोणती खबर नवी हे कळावे म्हणून तिला ० ते ६३ यांतला क्रमांक देई. ६३ नंतर पुन्हा ०. घड्याळात १२ नंतर १ वाजतो तेव्हा १ हा 'पुढचा' असतो ना? तसेच येथे. दोन क्रमांकांत, चक्राचा अर्धा फेरा म्हणजे ३२ पर्यंत जो पुढे, तो नवा.

त्या दिवशी ५० क्रमांकाच्या इम्पच्या खबरी साऱ्या जाळ्यात घुमू लागल्या. त्याचा शेजारी, २९ क्रमांकाचा इम्प, आजारी होता. त्याच्या यंत्रात बिट गळत होते. एकाच खबरीला तीन क्रमांक मिळाले होते: ४४, ४० आणि ८. ० आणि १ मध्ये लिहून पाहा: १०११००, १०१०००, ००१०००. पहिल्यातील एक '१' गळला की दुसरा, दुसऱ्यातील एक गळला की तिसरा. आता गंमत पाहा. ४४ हा ४० च्या पुढे. ४० हा ८ च्या पुढे, नेमका ३२ ने. आणि ८? तो ४४ पासून चक्रावर पुढे मोजला तर २८ अंतरावर, म्हणजे ४४ च्याही पुढे! तिघेही एकमेकांहून नवे. प्रत्येक इम्पला वाटे, अरे, ही तर ताजी खबर. तो ती शेजाऱ्यांना देई, शेजारी पुढची देई, आणि फुगडी थांबेचना. खबरींना सर्वांत आधीचा मान असल्याने बाकीचे काम खोळंबले. जाळे काही तास निरुपयोगी झाले.

एखादा इम्प बंद करून सुरू केला तरी शेजारी पुन्हा तीच खबर त्याच्या गळ्यात घालीत. शेवटी अभियंत्यांनी इम्पांच्या मेमरीतील मजकूर काढून वाचला, तेव्हा रांगा ५० च्याच खबरींनी भरलेल्या दिसल्या. मग '५० ची खबर ऐकूच नका' अशी आज्ञा प्रत्येक इम्पमध्ये भरली, फुगडी सुटली, आणि नंतर ती आज्ञा काढून टाकली. लक्षात घ्या, तारांवर तेव्हाही ताळा पाहिला जातच होता. बिट तारेवर गळले नव्हतेच.

तुम्हांला वाटेल, ही झाली जुनी गोष्ट. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली खऱ्या वाहतुकीतील पॅकेटे तपासली. तारेवरचा ताळा उत्तीर्ण झालेल्या पॅकेटांपैकी दर १,१०० ते ३२,००० मागे एकात आतला बेरजेचा ताळा चुकत होता. म्हणजे पॅकेटे तारेवर नव्हे, यंत्रांच्या पोटातच बिघडत होती.

आणि २० जुलै २००८ रोजी ॲमेझॉन कंपनीचे एस-थ्री नावाचे प्रचंड माहितीचे कोठार काही तास बंद पडले. त्यातील सर्व्हर एकमेकांना 'माझी स्थिती अशी आहे' असे सतत कळवीत असतात. मूठभर संदेशांतील एकेक बिट बदलला होता. संदेश वाचता येत होता, पण सांगत होता भलतेच. ही अफवा सर्व्हरांत इतकी पसरली की ते कामाऐवजी एकमेकांशी बोलण्यातच गुंतून पडले. ग्राहकांनी ठेवलेल्या माहितीला कंपनीने ताळा लावला होता. सर्व्हरांच्या आपापसांतील गप्पांपैकी या एका प्रकाराला मात्र लावला नव्हता. शेवटी सर्व संभाषण बंद करून, जमलेली स्थिती पुसून, यंत्रे पुन्हा सुरू करावी लागली. त्यानंतर त्या गप्पांनाही ताळा लावण्यात आला.